देवाखालचा कागद

१

"कागद गेला! देवाखालनं कागद गेला!"

तानाबाईचा आवाज मुळातच खणखणीत. त्यातून ती ओरडली की गल्लीत कुणाला झोपायची सोय उरत नसे. गल्लीच्या टोकाला चनबसप्पा हत्तुरे वकील कडक भाकरीचा तुकडा शेंगाचटणीला लावून तोंडात टाकणार, एवढ्यात गुंडा बंडगर दारात येऊन उभा राहिला. बापाच्या दहाव्याला उतरवलेलं डोकं, कपाळावर घाम आणि नजर जमिनीला.

"वकीलसायेब, चला. तानी चौकीत जाते म्हणतीया. त्याच्या आदी तुमी या."

"अरे, झालं तरी काय?"

"आबाचं मृत्युपत्र..."

वकिलांनी भाकरीकडे एकदा दुःखानं पाहिलं आणि चपला पायात सरकवल्या.

गुंडाचा बाप बिरप्पा बंडगर म्हणजे सोलापुरातला घोंगड्यांचा जुना व्यापारी. सांगोल्याकडच्या माळावरून मेंढरं हाकत आला आणि इथंच रुतला. शब्दाचा पक्का, पण डोक्यानं भलता तापट. वर्षभरापूर्वी त्यानं कचेरीबाहेरच्या अर्जनवीसाकडून मृत्युपत्र लिहून घेतलं, दोन साक्षीदारांसमोर अंगठा उठवला आणि घरी येऊन सगळ्यांना ऐकवलं. घर मुलाला, गुंडाला. मुलीला, मायाक्काला, काही नाही.

मायाक्काचा गुन्हा काय, तर तिनं एका तेलुगू विणकराच्या पोराशी लग्न केलं होतं. पुढं तो छातीच्या दुखण्यानं गेला. ती लेकीला काखोटीला मारून माहेरी आली. बापानं मागची खोली दिली, आजारपणात तिच्या हातची पेज शेवटपर्यंत प्याला, पण तिच्याशी एक शब्द बोलला नाही. असतात बाबा असले बाप!

वकील पोचले तेव्हा घरात रणधुमाळी चालली होती. कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात काम करणारा बिरप्पाचा धाकटा भाऊ धोंडीराम सकाळच्या गाडीनं आला होता आणि घोंगडीवर मांडी घालून बसला होता. मायाक्का मागच्या खोलीच्या चौकटीला टेकून उभी होती. तानाबाई, गुंडाची बायको, कंबरेला पदर खोचून मधोमध.

"हिनंच नेलाय!" तानाबाईनं नणंदेकडे बोट दाखवलं. "दिवं लागायच्या आत कागद जाग्यावर आला न्हाय, तर मी चौकीत जाणार. आन् हिचं गाठोडं रस्त्यावर!"

"तिनंच कशावरून?"

"कागद गेल्यावर फायदा कुणाचा? तुमीच सांगा की, वकील हायसा न्हवं?"

वकिलांना सांगावं लागलं. खोटं कसं सांगणार! मृत्युपत्र नसेल तर छप्पनच्या हिंदू वारसा कायद्यानं मुलगा आणि मुलगी सारखेच वारस. म्हणजे बिरप्पाच्या घरात मायाक्काचा अर्धा वाटा. साक्षीदार उभे करून हरवलेलं मृत्युपत्रही कोर्टात सिद्ध करता येतं, पण त्यात चपलांचे किती जोड झिजतील त्याला हिशेब नाही.

"ऐकलंसा?" तानाबाई म्हणाली. "अर्दं घर!"

सगळ्यांच्या नजरा मायाक्कावर गेल्या.

२

"मला तो देव बघू दे," वकील म्हणाले.

माजघराच्या कोपऱ्यात एक बुटका चौरंग होता. त्यावर बिरोबाचा चांदीचा टाक, दोन बाजूंना आणखी दोन टाक, आणि सगळ्यावर भंडारा, म्हणजे देवाची हळद. झेंडूची फुलं वाळून टाकाला चिकटली होती. चौरंग जमिनीला इतका टेकलेला की खाली बोटं जेमतेम जातील. त्या फटीतून मृत्युपत्र पार भिंतीपर्यंत सरकवून ठेवलं होतं. बिरप्पा म्हणायचा, तिजोरीपेक्षा बिरोबा बरा राखील.

"गेला ते कसं कळलं?"

"सुतक फिटलं. आज देव उजळायचं व्हतं," तानाबाई म्हणाली. "आदी दिवा धरून वाकून बघितलं, तर खाली मोकळं! धोंडीतात्या मौतीनंतर कुर्डुवाडीला गेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी म्या असाच दिवा धरून बघितला व्हता. तवा कागद जाग्यावर व्हता."

"आणि त्यानंतर देवाला कुणी हात लावला?"

"कोण लावंल? पूजाबी बंद." तिचा आवाज पुन्हा चढला. "आमी समदी सुतकात. लगीन झालेल्या लेकीला तीनच दिस सुतक. त्याच्या म्होरं देव उचलून चौरंग हालवायला हीच तेवढी मोकळी. आता बोला!"

वकिलांनी धोतर सावरलं आणि जमिनीवर आडवे झाले. गल्लीतलं एक पोट सुटलेलं वकीलमाणूस देवापुढं लोळण घेतंय हे पाहून धोंडीरामाला हसू आवरेना. पण वकिलांचं लक्ष दुसरीकडे होतं. चौरंगाच्या कडेला भंडारा सांडला होता, आणि त्या पिवळ्या भुकटीत दोन बारीक रेघा शेजारी शेजारी ओढल्यासारख्या उमटल्या होत्या. उंदराचं शेपूट? दोन शेपटांचा उंदीर त्यांनी तरी पाहिला नव्हता.

"देवाला कुणी हात लावू नका," ते उठत म्हणाले. "मी सांगेपर्यंत असंच राहू द्या."

मग ते मागच्या खोलीत मायाक्काजवळ गेले. तिची लेक पोत्यावर झोपली होती. मायाक्का तिला वारा घालत होती आणि स्वतः मात्र घामानं निथळत होती.

"मायाक्का, खरं सांग. कागद तू घेतलास?"

"न्हाय."

"घ्यावासा वाटला?"

तिनं लेकीच्या अंगावरची माशी हाकलली. "वाटला," ती म्हणाली. "माझ्यासाठी न्हवं. हिला घिऊन मी कुटं जाऊ? सासरी दार बंद, हितं वैनी उटता-बसता घालून पाडून बोलती. पर वकीलसायेब, आबा मला काय देणार न्हाय म्हणलं, ते समद्यांत, माझ्या तोंडावर म्हणलं. त्यांच्या माघारी त्यांच्या देवाखाली हात घालायची माझी छाती न्हाय हो."

बाई खरं बोलतेय, असं वकिलांचं मन सांगत होतं. पण चौकीतला जमादार मनाचं ऐकत नसतो. त्याला चोर लागतो, आणि घरातल्या सगळ्यांनी तो आधीच ठरवला होता.

३

चहा आला. धोंडीरामानं बशीत ओतून फुर्रकन ओढला. या माणसाला कागद गेल्याचं दुःख होतं की गंमत वाटत होती, ते कळत नव्हतं. वकील मुद्दामच त्याच्या शेजारी टेकले.

"धोंडीबा, तुमचा काही वाटा होता का घरात?"

"मला कसला वाटा? पोरं असताना भावाला कोण इचारतंय! कागद असला काय आन् नसला काय, माझ्या पदरात धोंडाच." तो स्वतःच्याच बोलण्यावर खूश झाला. "पर मी पयला साक्षीदार हाय, बरं का! कागदालाबी आन् भंडाऱ्यालाबी."

"भंडाऱ्याला?"

"तर! मरायच्या आदल्या दिवशी बिरप्पानं गुंडाच्या हातावर भंडारा ठेवला. म्हणाला, उचल. आन् म्हण, ह्या घराचा वाटा मायाक्काला माझ्या हातनं देणार न्हाय, सही-अंगठा करणार न्हाय. गुंडानं उचलला. रडत उचलला, पर उचलला. आमच्यात भंडारा उचलला म्हंजे संपलं. तो मोडला तर वंस बुडतो."

वकिलांनी चहाची बशी खाली ठेवली. "कठीण माणूस होता बिरप्पा."

"कठीण? आवो, दगूड! पर घराचा जीव लई व्हता त्याला. आता तसं बघितलं तर घर त्याच्या कमाईचं कुटं? ती बजावैनीची करामत." बजाबाई म्हणजे बिरप्पाची बायको, गुंडा-मायाक्काची आई, सात-आठ वर्षांपूर्वी वारलेली. "वैनीला तिच्या बापानं लग्नात मेंढ्या दिल्या व्हत्या आंदण. त्यांच्या कानाला तिच्या म्हायेरची खूण. त्या व्यात गेल्या, वाडत गेल्या, पर खूण बदलली न्हाय. बायकूच्या आंदणाच्या मेंढीवर नवरा आपली खूण मारत न्हाय, आमच्यात ते लाजंचं. त्या समद्या इकल्या तवा ही जागा घेतली."

"मग जागा कुणाच्या नावावर लावली?"

"आता काय इचारता! घरधनी कोण? बिरप्पा. म्हंजे त्याच्याच नावावर असणार की!"

"असणार, का आहे?"

धोंडीराम गडबडला. "कुणी बघितलंय? घर आपलं हाय म्हणल्यावर कागद कोण बघतंय?"

वकील एकदम उभे राहिले. मग काहीतरी आठवून परत वळले. "धोंडीबा, सकाळी कागद नाही म्हणून बोंब झाली, तेव्हा तुम्ही चौरंग उचलून का नाही पाहिलं?"

"देवाला हात? आंगूळ झाल्याबिगर? कालपतूर सुतकात व्हतो मी! देव इटाळला तर?" धोंडीरामानं दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. "तुमा लिंगायतांचं बरं हाय, तुमच्यात सुतकच न्हाय."

हे खरंच होतं. वकिलांच्या घरात मरणाचं सुतक कधीच पाळत नसत. आणि म्हणूनच जी गोष्ट या घरातल्या लहान पोरालाही कळली असती, ती त्यांच्या टाळक्यात इतका वेळ शिरली नव्हती.

"अय्यो!" वकिलांनी कपाळावर हात मारला. "गाढव आहे मी, शुद्ध गाढव!"

आणि तानाबाई "आवो, कुटं निगालासा?" म्हणत असतानाच ते टांग्याला हात करत गल्लीबाहेर पडले.

४

सिटी सर्व्हेच्या कचेरीतून वकील परतले तेव्हा उन्हं कलली होती. तानाबाई चौकीत जायला जोडवी-बिडवी घासून, लुगडं बदलून तयारच होती. गुंडा भिंतीशी गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

"बसा सगळे," वकील म्हणाले. "चोर सांगतो. पण मधे कुणी बोलायचं नाही. तानाबाई, विशेषतः तुम्ही."

तानाबाईनं ओठ मिटले. ते तिला किती जड गेलं ते दिसतच होतं.

"तुमचं म्हणणं, देवाला हात लावायला मायाक्काच मोकळी, म्हणून तिनं घेतला. मी उलटं म्हणतो. ती मोकळी होती, म्हणूनच तिनं घेतला नाही. तिला घ्यायचाच असता तर तिनं टाक बाजूला ठेवले असते, चौरंग सरकवला असता आणि कागद काढला असता. पण बघा इकडे. दहा दिवसांपूर्वीची फुलं टाकाला तशीच चिकटलेली आहेत. भंडाऱ्याचा थर मोडलेला नाही. देव जागचा हललेलाच नाही. कागद गेला तो या फटीतून. आणि या दोन रेघा बघा. चुलीतला चिमटा आत घालून कुणीतरी कागद ओढून काढला."

धोंडीराम पुढं झुकला. "च्या मारी, व्हय की!"

"आता मला सांगा, चोरी करतानाही देवाला हात लागू नये म्हणून चिमटा कोण वापरील? बाहेरच्या चोराला काय पर्वा? ज्याला सुतक आहे त्यालाच हा घोर. म्हणजे तुम्ही तिघं. धोंडीबा कुर्डुवाडीला गेल्यावरही कागद जाग्यावर होता, तो तानाबाईंनी पाहिला. धोंडीबा आज सकाळी आले ते सगळ्यांसमोर घोंगडीवरच बसलेले. ते सुटले. तानाबाईंना तो कागद जिवापलीकडे प्यारा. त्या कशाला चोरतील? त्या सुटल्या."

वकील भिंतीकडं वळले.

"उरला ज्याला सगळं घर मिळणार होतं तो. गुंडा, आपल्याच घराची चोरी केलीस, होय ना?"

गुंडानं वर पाहिलं. मग बंडीच्या आत हात घालून त्यानं घामानं ओला झालेला, चौघडी घातलेला कागद काढला आणि वकिलांच्या पायाशी ठेवला.

"आवो!" तानाबाईच्या तोंडून एवढंच निघालं.

"म्या भंडारा उचललाय," गुंडा म्हणाला. "माझ्या हातनं मायाक्काला वाटा देता येत न्हाय. पर कागदच नसंल तर सरकारचा कायदा दील, मी न्हाय. आबाचा शबूद ऱ्हाईल आन् भनीला छप्पर मिळंल, असं वाटलं. जाळणार व्हतो. पर त्याच्यावर आबाचा अंगठा हाय. काडी वढली आन् फुकून टाकली. हिच्यावर आळ येईल हे माझ्या ध्यानातच आलं न्हाय, वकीलसायेब. सकाळधरनं तोंड उघडायला बघतोय, पर भंडाऱ्याचं भ्या वाटतं. वंस बुडतो म्हनत्यात."

"बिरोबाला चिमट्यानं फसवायला निघालास होय रे?" वकील रागावल्यासारखं म्हणाले. असा भाऊ कोर्टात त्यांनी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता. तिथं बहिणीचा वाटा गिळणारेच रोज भेटत.

तानाबाईला मात्र आता धीर धरवेना. "म्हंजे कागद मिळाला! मग घर आमचंच न्हवं?"

"नाही," वकील म्हणाले.

५

"नाही म्हंजे?"

"मृत्युपत्र खरं आहे. मुंबईत असतं तर कोर्टातून प्रोबेट, म्हणजे ते खरं असल्याचा दाखला, घ्यावाच लागला असता. सोलापुरात ती सक्ती नाही. पण खऱ्या मृत्युपत्रानंसुद्धा माणूस आपलं असेल तेवढंच देऊ शकतो. शेजाऱ्याची म्हैस मी माझ्या लेकाला लिहून दिली तर चालेल का? मी आत्ता सरकारी उतारा बघून आलो. ही जागा बिरप्पाच्या नावावर कधी नव्हतीच. ती बजाबाईच्या नावावर आहे. तिच्या मेंढ्या, तिचे पैसे, तिचं नाव. बिरप्पानं निदान तेवढी लाज राखली होती, आणि पुढं स्वतःच विसरून गेला. ती गेल्यावरही उताऱ्याकडं कुणी पाहिलं नाही."

धोंडीरामानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"बजाबाई गेली तेव्हा तिचं मृत्युपत्र नव्हतं. कायद्यानं तिचे वारस तीन. नवरा, मुलगा, मुलगी. तिघांना सारखं. बिरप्पाच्या हातात होता तो एकच तिसरा हिस्सा. तेवढा त्यानं गुंडाला दिला, तो गुंडाचा. आईकडून आलेला दुसराही गुंडाचा. आणि तिसरा मायाक्काचा. तो गुंडानं द्यायचा प्रश्नच नाही. भंडारा शाबूत! राहतं घर आहे, त्यामुळे मुलानं वाटणी केल्याशिवाय मायाक्का भिंत घालून मागू शकत नाही. पण ती विधवा आहे. तिला या घरात राहायचा हक्क आहे आणि तो जगातला कुणी काढून घेऊ शकत नाही. चौकीतला जमादारसुद्धा नाही, तानाबाई."

तानाबाईनं कंबरेला खोचलेला पदर सोडला. ती वाईट बाई नव्हती. आपल्या पोरांच्या डोक्यावरचं छप्पर अर्धं होईल या धास्तीनं ती आंधळी झाली होती, इतकंच.

आता मायाक्का चौकट सोडून पुढं आली.

"वकीलसायेब, मला नीट सांगा. माझा वाटा कवा झाला? आज?"

"आज नाही. आई गेली त्याच क्षणी."

"त्याच क्षणी," ती म्हणाली. "आई गेल्याचं कळलं तवा मी गिरणीच्या चाळीतनं पळत आले व्हते. आबा म्हणालं, आत पाय टाकायचा न्हाय. दादाला दारात आडवा उभा केला. मी दादाच्या पाया पडले, तोंड तरी बघू दे म्हणलं. त्यो रडत व्हता, पर हालला न्हाय. शेवटाला रस्त्यावरनंच मी आईची तिरडी जाताना बघितली." तिनं वकिलांच्या डोळ्यांत पाहिलं. "म्हंजे तवा मी माझ्याच घराच्या भाईर उभी व्हते?"

जज्जासमोर राहावं तसे हत्तुरे वकील तिच्यापुढं सरळ उभे राहिले.

"व्हय, मायाक्का," ते तिच्याच भाषेत म्हणाले. "तुझ्याच घराच्या."

गुंडानं तोंड गुडघ्यांत घातलं आणि तो पोरासारखा हुंदके देऊ लागला. मग एकदम उठून त्यानं जमिनीवरचा कागद उचलला आणि बहिणीपुढं धरला. "तूच फाड गं ह्यो. मग आबाचंबी अर्दं तुला येतंय. मला नगं."

मायाक्कानं कागद हातात घेतला. बापाच्या अंगठ्याचा निळा ठसा ती कितीतरी वेळ बघत राहिली. एवढ्या वर्षांत बापानं तिच्यासाठी उठवलेला तो एकच अंगठा, आणि तोही तिला वगळण्यासाठी. तिनं त्याची घडी घातली आणि भावाच्या हातात परत दिली.

"आबाचं आबानं ज्याला दिलं, त्याला. माझी काय तक्रार न्हाय," ती म्हणाली. "पर आईचं मी सोडणार न्हाय, दादा. तू मागितलंस तरीबी न्हाय."

मग ती सगळ्यांच्या मधून चालत पुढच्या दाराशी गेली आणि उंबऱ्यावर बसली. दिवेलागणीला बाईमाणसानं उंबऱ्यावर बसू नये, असं या घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण तिला ऊठ म्हणायला कुणीही पुढं झालं नाही. तानाबाई उठली, दिवा लावला आणि नणंदेच्या लेकीला मागच्या खोलीतून उचलून तिच्या मांडीवर आणून ठेवलं.